आवृत्तीबदल, संगणकीय खेळांतील

संगणकीय खेळाच्या जुन्या व नव्या आवृत्त्यांपैकी हवी ती निवडून खेळण्याची खेळाडूला दिलेली सोय. ही निवड लाँचरमधून (खेळ सुरू करून देणाऱ्या आज्ञावलीतून), विक्रीमंचावरील बीटा शाखेतून (मुख्य आवृत्तीखेरीज वेगळ्या ठेवलेल्या आवृत्तीतून), वेगळ्या सर्व्हरवरून किंवा खेळातल्याच एखाद्या कळीने होते. जुने सेव्ह (जतन केलेली खेळाची स्थिती) उघडणे, मॉड (खेळाडूंनी केलेले फेरबदल) चालू ठेवणे, स्पीडरनच्या (खेळ कमीत कमी वेळात संपवण्याच्या) नोंदी एकाच निकषावर तोलणे आणि पॅचने (दुरुस्तीसाठी आलेल्या बदलाने) बदललेले नियम टाळणे, हे तिचे नेहमीचे उपयोग.

सोयीचा उगम कोठे धरायचा हे व्याख्येवर ठरते. कार्ट्रिजच्या काळातही एकाच खेळाच्या आवृत्त्या निरनिराळ्या असत. निंटेंडो 64 वरील ‘द लेजंड ऑफ झेल्डा : ओकारिना ऑफ टाइम’ (1998) याच्या 1.2 आवृत्तीत अग्निमंदिरातील संगीतातले सामूहिक पठण काढले गेले आणि गॅननडॉर्फचे लाल रक्त हिरवे झाले. हातात कोणते कार्ट्रिज पडले यावर सारे अवलंबून असल्याने याला निवड म्हणणे कठीण. व्यापक अर्थाने पाहणारे जुन्या पॅचच्या प्रती जपून ठेवणाऱ्या हौशी खेळाडूंपासून सुरुवात करतात. काटेकोर अर्थ घेतला, म्हणजे सोय खेळ बनवणाऱ्या कर्त्याने स्वतः द्यावी आणि ती उघड असावी अशी अट घातली, तर ‘माइनक्राफ्ट’च्या 2013 मधील नव्या लाँचरचे उदाहरण ठळक ठरते. त्यात प्रोफाइल तयार करून अल्फा व बीटा, म्हणजे सुरुवातीच्या चाचणीच्या, काळातील आवृत्त्याही चालवता येऊ लागल्या. या दोहोंमध्ये ‘डूम’ची परंपरा येते. या नोंदीत तिला अधिक वजन दिले आहे, कारण तिथे जुनी धारिका (फाइल) नव्हे तर जुने नियम जपण्याचा प्रश्न प्रथम नीट सोडवला गेला.

‘डूम’ (डिसेंबर 1993) खेळाची ‘डेमो’ नोंद करतो. या धारिकेत चित्रण नसते. सेकंदाला 35 टप्प्यांनी खेळाडूने काय केले, एवढेच तिच्यात असते. डेमो पाहताना खेळ त्याच आज्ञा पुन्हा अमलात आणतो. यादृच्छिकतेसाठीही 256 संख्यांचा ठरलेला तक्ताच वापरला जात असल्याने निकाल हुबेहूब तोच येतो. मात्र नियम तसूभर बदलला तरी एखादी गोळी हुकते, राक्षस वेगळ्या दिशेने वळतो आणि तिथून पुढे नोंदवलेला खेळाडू भिंतीला धडका देत राहतो. 1997 मध्ये आज्ञावली सर्वांसाठी खुली झाल्यावर तिच्यावरून इतरांनी केलेली अनेक नवी रूपे निघाली व त्यांनी जुने दोष दुरुस्त केले. त्यामुळे आधीचे डेमो बिघडू लागले. यावर ‘पीआरबूम-प्लस’सारख्या रूपांनी ‘सुसंगती-पातळी’ ही सोय दिली : 2 म्हणजे ‘डूम’ची 1.9 आवृत्ती, 3 म्हणजे ‘अल्टिमेट डूम’, 4 म्हणजे ‘फायनल डूम’, 9 म्हणजे ‘बूम’ हे त्या नव्या रूपांपैकीच एक. आज्ञावली एकच, पण निवडलेल्या आवृत्तीचे दोषही ती निष्ठेने पाळते. उदाहरणार्थ, चिरडून मेलेल्या राक्षसाला आर्चव्हाइल या मेलेल्यांना जिवंत करणाऱ्या राक्षसाने पुन्हा उठवले की तो भिंतींतून आरपार जाणारे भूत बनतो. ही मूळची चूक. पण काही नकाशे तिच्यावरच बेतलेले असल्याने ती दुरुस्त करणे म्हणजे ते नकाशे मोडणे होय. ‘स्टारक्राफ्ट 2’ दुसरा मार्ग घेतो : जुन्या बांधण्या (त्या त्या आवृत्तीच्या चालवण्यायोग्य धारिका) तो वेगळ्या फोल्डरांत ठेवतो आणि जुना रिप्ले (झालेल्या खेळाची नोंद) उघडताच त्या काळची बांधणी आपोआप चालू करतो.

सेव्ह ही खरी अडचण. नवी आवृत्ती जुने जग वाचून स्वतःच्या रचनेत बदलते, पण उलटे रूपांतर सहसा लिहिलेले नसते. ‘माइनक्राफ्ट’च्या 1.13 (2018) मध्ये ठोकळ्यांच्या अंकी ओळखी जाऊन नावे आली. या आवृत्तीत एकदा उघडलेले जग 1.12 मध्ये परत नेता येत नाही. म्हणून आवृत्ती बदलण्यापूर्वी जगाची प्रत काढून ठेवणे अत्यावश्यक आहे. लाँचरने जुनी आवृत्ती दिली म्हणजे जुना खेळ परत मिळाला, ही समजूत अपुरी आहे.

स्टीम या विक्रीमंचावर जुन्या आवृत्त्या बीटा शाखांच्या यादीत दिसतात, पण कर्त्याने ठेवल्या तेवढ्याच. पॅराडॉक्स या कंपनीचे व्यूहखेळ तिथे बऱ्याच मागच्या आवृत्त्या ठेवतात. दीर्घ मोहीम अर्ध्यावर असताना पॅच आला तर ती त्यामुळे वाचते. गॉग या विक्रीमंचाच्या गॅलेक्सी या लाँचरमध्ये मागील आवृत्तीकडे परतण्याची सोय आहे. ‘फॅक्टोरिओ’ विकत घेणाऱ्याला अधिकृत संकेतस्थळावरून जुन्या आवृत्त्या उतरवता येतात.

ऑनलाइन खेळांत निवड खेळाडूच्या संगणकावर नव्हे, सर्व्हरवर होते. ‘माइनक्राफ्ट’च्या 1.9 (फेब्रुवारी 2016) मध्ये दोन वारांमध्ये थांबण्याची सक्ती आली, तेव्हा द्वंद्वप्रधान सर्व्हरांपैकी अनेक 1.8 वरच राहिले. पुढे ‘व्हायाव्हर्जन’ या जोडणीने नव्या आवृत्तीचे खेळाडू जुन्या सर्व्हरवर येऊ शकले. ‘रूनस्केप’मध्ये 2012 च्या अखेरीस लढाईची पद्धत बदलल्यावर नाराजी उसळली. खेळाडूंचे मतदान घेऊन ऑगस्ट 2007 च्या जतन केलेल्या प्रतीवरून ‘ओल्ड स्कूल रूनस्केप’ फेब्रुवारी 2013 मध्ये सुरू झाले. ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट क्लासिक’ (ऑगस्ट 2019) 1.12 पॅचवर आधारलेले आहे. हे दोन्ही खेळ पुढे स्वतंत्रपणे वाढले, म्हणून त्यांना आवृत्तीबदल म्हणण्यापेक्षा फाटा म्हणणे अधिक योग्य. याउलट ‘ओव्हरवॉच 2’ (ऑक्टोबर 2022) आले तेव्हा पहिल्या ‘ओव्हरवॉच’चे सर्व्हर बंद झाले. पैसे देऊन घेतलेला खेळ असा नाहीसा होणे खेळाडूंवर अन्यायकारक आहे.

केवळ रूप बदलणारी सोय वेगळी. ‘द सीक्रेट ऑफ मंकी आयलंड’च्या 2009 मधील विशेष आवृत्तीत एफ-10 कळ दाबताच जुनी चित्रे दिसतात. ‘हेलो : कॉम्बॅट इव्हॉल्व्ह्ड अ‍ॅनिव्हर्सरी’त (2011) बॅक बटणाने तसेच होते. तिथे नियम व टकरीचे गणित जुनेच राहिल्याने नव्या चित्रातला खडक आणि गोळी अडवणारा खडक काही ठिकाणी जुळत नाहीत.

कन्सोलवर आवृत्तीची निवड क्वचितच मिळते. डिस्क असल्यास अपडेट काढून टाकून आणि इंटरनेट बंद ठेवून तिच्यावरची मूळ आवृत्ती खेळता येते. डिजिटल खरेदीत बहुधा तीही वाट नसते.