धुक्यातली अंतरं

धुक्यातल्या जंगलाचा फोटो कॅमेऱ्यात चांगला येऊनही पुढे संगणकावर हमखास बिघडतो. चित्र फिकट वाटतं म्हणून आधी कॉन्ट्रास्ट वाढवला जातो, मग रंग चढवले जातात, शेवटी 'डीहेझ'चा, म्हणजे धूसरपणा काढणारा, स्लायडर उजवीकडे सरकतो. खोडं ठसठशीत होतात, पानं भडक होतात आणि ज्या धुक्यासाठी पहाटे उठून जंगल गाठलं ते धुकंच पुसलं जातं. धुकं प्रकाशाचं नेमकं काय करतं हे एकदा समजलं, की फ्रेम कशी रचायची आणि एडिटिंगमध्ये हात कुठे आवरायचा, दोन्ही आपोआप कळू लागतं.

शरदात रात्री लांबत जातात. आकाश निरभ्र असेल आणि वारा पडलेला असेल, तर जमीन आपली उष्णता अवरक्त किरणांच्या रूपात रात्रभर बाहेर टाकत राहते. तिला लागून असलेली हवा दवबिंदूपर्यंत, म्हणजे बाष्पाचं पाणी होऊ लागतं त्या तापमानापर्यंत, थंड झाली की बाष्पाचे थेंब बनतात. थंड हवा जड असल्यामुळे उतारावरून घसरत सखल भागात साचते, म्हणून दरीतलं धुकं दाट आणि माथ्यावरचं विरळ असतं. आदल्या दिवशी पाऊस पडून रात्री आकाश मोकळं झालं असेल, तर दुसरी सकाळ मुळीच चुकवू नये.

धुक्याचा थेंब साधारण १० मायक्रोमीटर व्यासाचा, म्हणजे दृश्य प्रकाशाच्या तरंगलांबीच्या कितीतरी पट मोठा असतो. एवढ्या मोठ्या थेंबामुळे निळ्यापासून लालपर्यंत सगळ्या रंगांचं विकिरण, म्हणजे विखुरणं, जवळपास सारखंच होतं, म्हणून धुकं पांढरं दिसतं. अशा गोल कणांचं गणित गुस्ताव मी (Mie) या जर्मन भौतिकशास्त्रज्ञाने १९०८ साली मांडलं. हवेच्या रेणूंचं वागणं वेगळं. ते निळा प्रकाश जास्त विखुरतात. स्वच्छ हवेतले दूरचे डोंगर निळसर दिसतात ते त्यामुळे.

आता एक खोड घ्या. त्याच्याकडून कॅमेऱ्याकडे निघालेल्या प्रकाशातला काही भाग वाटेतल्या थेंबांमुळे भलतीकडे जातो. त्याच वेळी इतर दिशांनी आलेला प्रकाश त्याच थेंबांवरून वळून लेन्समध्ये शिरतो. खोडाची माहिती घटते आणि तिच्यावर पांढरा थर चढतो. अंतर वाढत जाईल तसा हा परिणाम कसा वाढतो, याचा नियम जर्मन हवामानशास्त्रज्ञ कोश्मीडर यांनी १९२४ साली दिला. समजा दृश्यमानता २०० मीटर आहे. तर २० मीटरवरच्या खोडाचा पार्श्वभूमीशी असलेला कॉन्ट्रास्ट मूळच्या सुमारे ६८ टक्के उरतो. ५० मीटरवर तो ३८ टक्के होतो, १०० मीटरवर १४ आणि २०० मीटरवर जेमतेम २ टक्के. त्यापुढचं खोड डोळ्याला वेगळं ओळखता येत नाही. थोडक्यात, प्रत्येक झाडाचं अंतर त्याच्या काळेपणात नोंदलेलं असतं.

म्हणून इथे फ्रेम रचायची म्हणजे अंतरं निवडायची. सगळी झाडं पन्नास-साठ मीटरवर असतील, तर कितीही सुंदर असोत, फोटोत एक सपाट करडी भिंत उभी राहते. एक खोड पंधरा-वीस मीटरवर, दोन-तीन मधल्या टप्प्यात आणि काही विरत चाललेली, अशी जागा सापडली की खोली आपोआप येते. मग दोन पावलं डावीकडे, एक उजवीकडे, असं सरकून बघायचं. जवळच्या गडद खोडाआड मागचं फिकट खोड लपत असेल तर एक अख्खा टप्पा वाया जातो. दोघांच्या मध्ये बोटभर पांढरी फट दिसली पाहिजे. एरवी जंगल फार गजबजलेलं असतं. मागचा पसारा धुक्याने झाकल्यावर हे काम करता येतं, आणि माझ्या मते धुक्यातल्या फोटोग्राफीचं निम्मं यश या सरकण्यात आहे.

पानांचे रंगही याच नियमाने चालतात. शरदात हरितद्रव्याचं विघटन होतं आणि पानात आधीपासूनच असलेली पिवळी कॅरोटिनॉइड द्रव्यं उघडी पडतात; लाल अँथोसायनिन मात्र बऱ्याच झाडांत त्याच दिवसांत नव्याने तयार होतं. धुक्याचा पांढरा प्रकाश या रंगांत मिसळून त्यांना फिकट करतो, तोही अंतरानुसार. त्यामुळे पेटलेलं पिवळं झाड हवं असेल तर ते जवळच असायला हवं. मागे करडं धुकं असलं की तोच पिवळा अधिक तेजस्वी भासतो. शेजारचे रंग एकमेकांना कसे बदलतात हे फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ मिशेल शेव्हरल यांनी १८३९ सालीच सविस्तर लिहून ठेवलं आहे. ओल्या पानाचा रंग मुळातच गडद असतो, पण त्यावरच्या पाण्याची चकाकी तो झाकून टाकते. लेन्सवर लावलेला, चकाकी कापणारा पोलरायझर फिल्टर हळूहळू फिरवा: एका कोनात पानावरचा पांढरा चट्टा विरतो आणि खालचा केशरी रंग वर येतो. हा परिणाम संगणकावर नंतर आणता येत नाही.

कॅमेऱ्याचा प्रकाश मोजणारा मीटर समोरचं दृश्य मध्यम करड्या उजेडाचं आहे असं गृहीत धरतो, त्यामुळे पांढरं धुकं मळकट येतं. एक्स्पोजर अर्धा ते एक स्टॉप वाढवावं (एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट), मात्र हिस्टोग्राम, म्हणजे उजेडाच्या पातळ्यांचा आलेख, उजव्या कडेवर आदळू देऊ नये. रॉ फाइलच, म्हणजे सेन्सरची प्रक्रिया न केलेली नोंद, घ्यावी. १४ बिटच्या रॉमध्ये १६,३८४ पातळ्या असतात आणि त्यांतल्या निम्म्या सगळ्यात उजळ एका स्टॉपमध्ये असतात. धुक्याच्या नाजूक छटा तिथेच किंवा त्याच्या आसपास असतात. ऑटोफोकसला कॉन्ट्रास्ट लागतो, तेव्हा तो जवळच्या खोडाच्या कडेवर करावा.

आता एडिटिंग. २००९ साली काईमिंग हे (He), जियान सन आणि शाओऊ तांग या संशोधकांनी धुरकटपणा काढण्याची एक सुंदर पद्धत मांडली. धुकं नसलेल्या उघड्यावरच्या फोटोत, आकाश सोडलं, तर जवळजवळ प्रत्येक लहान तुकड्यात लाल, हिरवा, निळा यांपैकी एखादा रंग शून्याच्या जवळ असलेला बिंदू सापडतो. तो तसा सापडला नाही, तर तिथे धुकं किती दाट आहे याचा अंदाज बांधून ते वजा करता येतं. पण १०० मीटरवरच्या त्या खोडाचा १४ टक्के उरलेला कॉन्ट्रास्ट पूर्ववत करायचा म्हणजे त्याला सातने गुणायचं. सेन्सरचा नॉईजही, म्हणजे चित्रातले नको असलेले ठिपकेही, सातपट होतो.

शिवाय दूरचं खोड जवळच्याइतकं काळं झालं की अंतराची नोंदच खोटी ठरते. बघणाऱ्याला कारण सांगता येणार नाही, पण फोटो त्याला पटत नाही. म्हणून कॉन्ट्रास्ट सगळीकडे सारखा वाढवू नये. मास्क लावून, म्हणजे निवडलेल्या भागापुरताच बदल करून, फक्त जवळच्या खोडाचे आणि पानांचे काळे भाग थोडे खोल करावेत, मधल्या टप्प्याला अगदी हलका हात लावावा आणि मागचं धुकं होतं तसं ठेवावं. रंगांची छटा आपोआप ठरवणाऱ्या ऑटो व्हाइट बॅलन्सवरही विसंबू नये. पहाटेची निळसर छटा किंवा उन्हाची ऊब, दोन्ही तो चूक समजून काढून टाकू शकतो.

राहिला एडिटिंगनंतर धुक्यात दिसणाऱ्या पट्ट्यांचा प्रश्न. जेपेगमध्ये प्रत्येक रंगाच्या फक्त २५६ पातळ्या असतात, आणि दूरचं धुकं त्यांतल्या मोजक्याच पातळ्यांवर मोठी जागा व्यापतं. ती ताणली की गुळगुळीत उताराऐवजी पायऱ्या दिसू लागतात. सगळं काम १६ बिटमध्ये करून जेपेग अगदी शेवटी काढावी. ती काढण्याआधी थोडा ग्रेन, म्हणजे बारीक रवाळपणा, घालावा, म्हणजे पायऱ्यांच्या कडा त्यात विरून जातात.