सीटी कोरोनरी अँजिओग्राफी

हृदयाच्या स्नायूला रक्त पुरवणाऱ्या हृद्‌रोहिण्यांचे सीटी यंत्राने घेतलेले त्रिमितीय चित्रण. रोहिणीत कॅथेटर (बारीक नळी) न घालता, हाताच्या शिरेतून आयोडीनयुक्त द्रव देऊन ते केले जाते.

उगमाचे श्रेय साधारणपणे बहुछेदी सीटीला (एका फेरीत अनेक छेद, म्हणजे शरीराच्या आडव्या कापांची चित्रे घेणारी) दिले जाते. पण इलेक्ट्रॉन-किरण सीटी त्याआधीची. तिच्यात क्ष-किरणनलिका फिरत नसे, फक्त इलेक्ट्रॉनांचा झोत वळवला जाई. त्यामुळे एक छेद सुमारे १०० मिलिसेकंदांत मिळे. हृद्‌रोहिण्यांतील कॅल्शियम मोजण्याची अ‍ॅगॅट्स्टन गुणांकपद्धती (१९९०) याच यंत्रावर बसवली गेली आणि १९९० च्या दशकात द्रव देऊन अरुंद रोहिण्याही त्यावर शोधल्या गेल्या. छेद मात्र ३ मिमी.पर्यंत जाड असत. चार-छेदी यंत्रे १९९८ च्या सुमारास आली. तरी नित्याची तपासणी म्हणून आरंभ २००४ च्या आसपासच्या ६४-छेदी यंत्रांपासून धरणे अधिक सयुक्तिक.

खरी अडचण धडधडीची. नलिकेची फेरी ३३० मिलिसेकंदांची असेल, तर चित्राला अर्धी फेरी, म्हणजे १६५ मिलिसेकंद लागतात. तेवढा निवांतपणा हृदय दोन ठोक्यांच्या मधल्या विश्रांतीतच देते. म्हणून ठोके मिनिटाला ६० च्या आसपास आणतात. त्यासाठी बहुधा मेटोप्रोलॉल तासभर आधी देतात (दमेकऱ्यांत जपून). रोहिण्या फुलाव्यात म्हणून जिभेखाली नायट्रोग्लिसरीन. सिल्डेनाफिल (लैंगिक दुर्बलतेवरचे औषध) घेतलेल्याला ते देत नाहीत, कारण रक्तदाब धोकादायकरीत्या उतरू शकतो. मग ५–६ मिलि. प्रतिसेकंद वेगाने ५०–१०० मिलि. द्रव, मागोमाग सलाईन. महारोहिणीत द्रवाची घनता ठरलेल्या मर्यादेपर्यंत चढली, की रुग्णाला श्वास रोखायला सांगून ईसीजीच्या तालावर चित्रण होते.

रंगीत त्रिमितीय हृदय रुग्णाला दाखवायला छान. निदान त्यावर करू नये. किती घनतेपासून पुढचे चित्रात दाखवायचे ती मर्यादा जराशी सरकवली, तरी तीच रोहिणी रुंद किंवा अरुंद दिसते. वाचन पातळ छेदांवर आणि रोहिणीच्या वळणाबरहुकूम उलगडलेल्या प्रतिमांवर होते.

उजव्या हृद्‌रोहिणीचा मधला भाग सर्वांत जास्त हलतो, त्यामुळे तोच आधी धूसर होतो. मध्येच जादा ठोका पडल्यास प्रतिमेत पायऱ्या पडतात. कॅल्शियम आहे त्याहून फुगलेले दिसते आणि अडथळा वाढवून सांगितला जातो, ३ मिमी.पेक्षा लहान स्टेंटच्या (रोहिणी उघडी ठेवणाऱ्या जाळीदार नळीच्या) आतले तर बहुधा दिसतच नाही.

निर्दोष चित्रणात रोहिण्या मोकळ्या दिसल्या, तर लक्षणीय अडथळा जवळजवळ नाकारता येतो. ५०–६९ टक्के अरुंदपणात मात्र रक्तपुरवठा खरोखर घटतो का, हे आकारावरून ठरत नाही, त्यासाठी ताण-चाचणी किंवा याच प्रतिमांवरून गणिताने काढलेले, अडथळ्याच्या पुढील व आधीच्या रक्तदाबांचे गुणोत्तर (०.८० किंवा कमी असल्यास सदोष) पाहतात.