उलट्या काळजाचा दीव

इराणातील जुन्या दास्तानांमध्ये, म्हणजे नक्काल नावाच्या कथेकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या रंगवून सांगितलेल्या प्रेम आणि पराक्रमाच्या दीर्घ कथांमध्ये, नायकाच्या वाटेत दीव नावाचा राक्षस हमखास आडवा येतो. अंगात राक्षसी बळ आणि जादू असूनही तो हरतो, कारण दीवाची वागण्याची रीत नायकाला आणि श्रोत्यांना आधीच ठाऊक असते.

सांगावे त्याच्या नेमके उलट करणे, ही ती रीत. फिरदौसीने १०१० च्या सुमारास पुऱ्या केलेल्या 'शाहनामा' या महाकाव्यात अकवान दीव झोपलेल्या रुस्तम या वीराला जमिनीसकट उचलतो आणि विचारतो, "समुद्रात फेकू की डोंगरावर?" रुस्तम डोंगर मागतो, दीव त्याला समुद्रात भिरकावतो आणि रुस्तम पोहून सुटतो. दीवाची झोपही उलटी, भर उन्हातली. म्हणूनच माझंदरानच्या गुहेतील सफेद दीवावर चालून जाण्यासाठी रुस्तम ऊन तापेपर्यंत थांबतो.

लोककथांतील दीवाचा जीव पुष्कळदा त्याच्या देहात नसतोच. तो दूर कुठेतरी दडवलेल्या बाटलीत असतो आणि बाटली फुटली की दीव मरतो. सातासमुद्रापलीकडच्या पोपटात जीव ठेवणारा राक्षस आपल्याला परका नाही. जगभरच्या अशा कथा लोककथांच्या अभ्यासकांनी ३०२ क्रमांकाच्या कथाप्रकारात एकत्र नोंदवल्या आहेत. एकोणिसाव्या शतकातील 'अमीर अर्सलान' या दास्तानात याच समजुतीचा भाऊबंद भेटतो: आईच्या जादूमुळे फुलादजिरे दीवावर कोणतेही शस्त्र चालत नाही, चालते ती फक्त एक पाचूजडित तलवार. ही कथा इराणचा राजा नासिरुद्दीन शाह याचा कथेकरी त्याला निजताना सांगत असे आणि राजकन्या फख्रुद्दौला दाराआडून ती लिहून घेत असे, असे म्हणतात.

दीव हा शब्द आपल्या 'देव' शब्दाचाच सख्खा भाऊ आहे. जरथुश्त्री धर्माने जुने देव त्याज्य ठरवले, आणि अवेस्ता या त्यांच्या धर्मग्रंथातील 'दएव' पुढे दीव झाला. त्याच्या उलटेपणाचे मूळ या उलथापालथीत असावे, असे म्हणण्याचा मोह मला होतो. पण उलटे वागणारी भुते इतरत्रही आढळतात, तेव्हा तो आवरलेला बरा. परीचा प्रवास मात्र विरुद्ध दिशेने झाला. अवेस्तातील 'पइरिका' ही दुष्काळ आणणारी चेटकीण होती. दास्तानांपर्यंत येताना ती लावण्यवती झाली, आणि मराठीने फारसीतून उचलली ती हीच परी.

तरीही जुनी भीती भाषेत राहून गेली. झपाटलेल्या माणसाला फारसीत 'परीदार' म्हणत आणि मंत्र घालून परीला वश करणाऱ्याला 'परीख्वान'. राजकन्या फर्रुखलकाचे नुसते चित्र पाहून राज्यावर पाणी सोडणारा अमीर अर्सलान हा तर 'दीवाना', म्हणजे शब्दाच्या मूळ अर्थाने, दीवाने धरलेला.