संत्र्यांच्या गाडीत बसलेले पाहुणे

पाल्मा शहरातल्या प्लासा द'एस्पान्या चौकाजवळ एक छोटंसं स्टेशन आहे. तिथून लाकडी डब्यांची गाडी सुटते. स्पेनच्या मायोर्का बेटावर सुट्टीला आलेली माणसं एक दिवस वाळू सोडतात आणि या गाडीत बसतात. डोंगर ओलांडून सोय्येर हे गाव, तिथून ट्रामने बंदर, पुढे बोटीने सा कालोब्रा ही किनाऱ्यावरची घळ आणि परतीला बसने नागमोडी घाट, अशी ही दिवसभराची सहल. ती विकली जाते ‘जुन्या, अस्सल मायोर्का’च्या नावाने. पण वाटेत दिसणाऱ्या गोष्टींची वयं वेगवेगळी आहेत, आणि त्या बांधण्यामागची कारणंही.

सगळ्यात जुने आहेत डोंगरउतारावरचे दगडी बांध. चुना-माती न वापरता नुसते दगडावर दगड रचलेले, कोकणातला माणूस ज्यांना पाहताक्षणी गडगे म्हणेल असे. इ.स. 902 पासून 1229 पर्यंत बेट मुसलमान राजवटीखाली होतं. पाट आणि हौद बांधून पाणी खेळवण्याची विद्या त्या काळात रुजली. बिनियाराइश, बिनिसालेम या गावांच्या नावातलं ‘बिनी’ म्हणजे अरबीतलं ‘अमक्याची मुलं’. पायऱ्यापायऱ्यांची ही शेतं पुढच्या शतकांत वाढत गेली, त्यांवर ऑलिव्हची झाडं लागली. 2011 मध्ये युनेस्कोने अख्खी त्रामुन्ताना डोंगररांग जागतिक वारसा यादीत घेतली ती याच घडवलेल्या उतारांसाठी. रानटी निसर्ग म्हणून ज्याचे फोटो काढले जातात, ते खरं तर शेत आहे.

पहिले गाजलेले पाहुणे आले ते 1838 च्या नोव्हेंबरात. संगीतकार शोपां, लेखिका जॉर्ज सँड आणि तिची दोन मुलं. 1835 मध्ये सरकारने वाल्देमोसा गावच्या मठातून साधूंना हुसकावलं होतं, त्या रिकाम्या खोल्यांत हे बिऱ्हाड राहिलं. शोपांचा खोकला पाहून गावकरी क्षयाच्या धास्तीने दूर राहिले. त्याचा पियानो जकातीत अडकून पडला. फेब्रुवारीत ते परतले ते डुकरं वाहून नेणाऱ्या आगबोटीतून. सँडने नंतर या हिवाळ्यावर पुस्तक लिहिलं आणि मायोर्कन माणसांवर भरपूर तोंडसुख घेतलं. आज तेच पुस्तक वाल्देमोसाच्या दुकानांत कित्येक भाषांत मांडलेलं असतं. धंदा आणि मानापमान यांचा हिशेब गावाने केव्हाच मिटवलेला दिसतो.

सहलीची खरी पायवाट पाडली ती ऑस्ट्रियाच्या आर्चड्यूक, म्हणजे राजपुत्र, लुडविग साल्वातोरने. 1867 मध्ये तो प्रथम आला आणि 1872 पासून किनाऱ्यालगतच्या जमिनी विकत घेत सुटला. मिरामार, सोन मारोइग अशा वाड्या त्याच्या. राजघराण्यातला असूनही गबाळ्या कपड्यांत हिंडणाऱ्या या गृहस्थाने आपल्या जमिनीवर झाडं तोडायला बंदी घातली, डोंगरात वाटा बांधल्या आणि कड्यांवर ‘मिरादोर’, म्हणजे नुसतं उभं राहून बघण्याच्या जागा उभारल्या. वाटसरूंसाठी फुकट उतरण्याची सोयही केली. मायोर्का ज्या समूहात मोडतं त्या बालेआरिक बेटांविषयी त्याने जाडजूड ग्रंथमालिका लिहिली. बेटाच्या पूर्वेकडच्या ड्राक गुहा धुंडाळायला फ्रेंच गुहासंशोधक मार्तेल 1896 मध्ये आला, तोही त्याच्याच प्रोत्साहनाने. गुहेतल्या तळ्याला आज मार्तेलचंच नाव आहे.

तोवर पाहुणे म्हणजे धंदा होऊ शकतो, हे पाल्मातल्या व्यापाऱ्यांच्या लक्षात येऊ लागलं होतं. 1903 मध्ये ग्रान होटेल उघडलं. 1905 मध्ये ‘फोमेन्तो देल तुरिस्मो’ ही पर्यटनवाढीची संस्था निघाली.

सोय्येरच्या रेल्वेला मात्र पाहुण्यांशी काही कर्तव्य नव्हतं. सोय्येरचं खोरं चहूबाजूंनी डोंगरांनी कोंडलेलं. पाल्माला जायचं तर खिंडीतला घाट चढून-उतरून जावं लागे, त्यामुळे गावाचा संबंध राजधानीपेक्षा दक्षिण फ्रान्सशी जास्त. संत्री शिडाच्या जहाजांतून तिकडे जात. मागोमाग माणसंही गेली, फ्रेंच शहरांत फळांची दुकानं थाटून बसली आणि पैसा घेऊन परतली. रेल्वेतही गावकऱ्यांनी आपला पैसा घातला. रूळ तीन फुटी, म्हणजे 914 मिलिमीटर रुंदीचे. लांबी 27 किलोमीटर. वाटेत तेरा बोगदे, त्यातला एक जवळजवळ तीन किलोमीटरचा. 16 एप्रिल 1912 ला गाडी सुरू झाली. सरकारी अनुदानासाठी मार्ग किमान 30 किलोमीटरचा हवा होता, म्हणून बंदरापर्यंत सुमारे पाच किलोमीटरची ट्राम जोडली आणि आकडा भरला. पाहुण्यांना जिचं सर्वांत कौतुक वाटतं ती ट्राम अशी नियमातून वाट काढताना जन्मली, हे मला फार आवडतं. 1929 मध्ये रेल्वेवर वीज आली. ट्राममधून माणसांबरोबर मासळीही ये-जा करी.

सा कालोब्राचा रस्ता याच्या अगदी उलट. 1932 मध्ये अंतोनियो पारिएत्ती या अभियंत्याने तो आखला तेव्हा खाली मोठं गाव नव्हतं की माल नव्हता. होती ती घळ आणि समुद्र. रस्ता निव्वळ पाहुण्यांनी बघावं म्हणून. एकही बोगदा न खोदता तो उतरतो, आणि एका ठिकाणी टायच्या गाठीसारखा वळून स्वतःच्याच खालून जातो.

1936 च्या यादवी युद्धाने हे सगळं थांबवलं. 1950 च्या दशकात चार्टर, म्हणजे सहलींसाठी भाड्याने घेतलेली, विमानं येऊ लागली, 1960 मध्ये पाल्माचा सोन सान्त जोआन विमानतळ नागरी वाहतुकीला खुला झाला. मुक्काम किनाऱ्यावरच्या हॉटेलांत गेला आणि आतला मुलूख उरला एका दिवसाच्या बसफेरीपुरता: सकाळी गुहा, वाटेत मानाकोरला कृत्रिम मोत्यांचा कारखाना, दुपारी परत.

1997 मध्ये मोटारींसाठी सोय्येरचा बोगदा खुला झाला. तेव्हापासून गावकरी त्यातून पाल्माला जातात. लाकडी गाडीत बसतात ते पाहुणे. सोय्येरला उतरतात आणि चर्चसमोरच्या चौकात संत्र्याचा रस मागवतात.