शेड्यूल केलेली पोस्ट गेली नाही? फोन करण्याआधी हे वाचा

दुकानदारांच्या फेसबुक-इन्स्टाग्राम पोस्ट आम्ही आधीच शेड्यूल करून ठेवतो, म्हणजे ठरलेल्या वेळी त्या टूलमधून आपोआप जातात. सणाच्या सकाळी आम्हाला येणारा प्रश्न ठरलेला असतो: "अहो, पोस्ट कुठेय?" सराफ बाजारातलं दुकान असो की गंगापूर रोडवरचं मिसळीचं हॉटेल. बहुतेक वेळा कारणही ठरलेलंच निघतं. कोणीतरी फेसबुकचा पासवर्ड बदललेला असतो.

दुकानातला मुलगा काम सोडून गेला की पासवर्ड बदलावाच, त्याबद्दल तक्रार नाही. पण तो बदलला की आमच्या टूलला दिलेली जुनी परवानगी फेसबुक रद्द करतं. कॅलेंडरमध्ये महिनाभराच्या पोस्ट तयार दिसतात, वेळ झाली की मात्र एकही जात नाही. तेव्हा पासवर्ड बदलला की त्याच दिवशी कळवा. नवा पासवर्ड व्हॉट्सॲपवर पाठवू नका. आम्ही कोणाचाच ठेवत नाही. आम्ही लिंक पाठवू, ती उघडून लॉगिन करा आणि परवानग्यांच्या यादीतल्या टिक आहेत तशाच राहू द्या. "एवढं सगळं कशाला द्यायचं?" म्हणून दोन-तीन टिक काढल्या, की जोडणी झालेली दिसते आणि पोस्ट तरीही अडकते. मग ते शोधण्यात आमची अख्खी दुपार जाते, आणि तुमचा पाडव्याचा मुहूर्तही.

लॉगिन कोणाच्या खात्यातून करताय, तेही बघा. पेज भाच्याने काढलेलं, भाचा पुण्यात नोकरीला, ॲडमिन अजून तोच, अशी पेजं आमच्याकडे बरीच आहेत. मालकांनी पूर्ण अधिकार स्वतःच्या खात्यावर घेऊन ठेवावेत. अक्षय तृतीयेच्या आदल्या रात्री भाचा फोन उचलेलच असं नाही.

पोस्ट दिसली नाही म्हणून घाईने स्वतः टाकू नका. टाकलीच, तर लगेच सांगा. कधी कधी टूल 'फेल' दाखवतं आणि पोस्ट प्रत्यक्षात गेलेली असते. म्हणून आम्ही आधी प्रोफाइल उघडून बघतो, मगच पुन्हा पाठवतो. काहींना हा ढिलेपणा वाटतो. पण एकच ऑफर दोनदा पडली की एक डिलीट करावी लागते, आणि गिऱ्हाइकाने भाव नेमका तिच्याखालीच विचारलेला असतो!

बाकी कारणं किरकोळ. इन्स्टाग्राम खातं पर्सनल असेल तर टूल त्यावर आपोआप पोस्ट करू शकत नाही. ते बिझनेस करून घ्या. कॅप्शन २,२०० अक्षरांच्या आत हवी. स्टेटससाठी बनवलेला उभा फोटो फीडला चालत नाही.

महिन्याचं काम आमच्याकडे असलेल्यांची जोडणी आम्ही सणाच्या आदल्या दिवशी तपासतो, त्याचे वेगळे पैसे नाहीत. मेटा बिझनेस सूटमधून, म्हणजे फेसबुकच्याच टूलमधून, स्वतःच शेड्यूल करणाऱ्यांसाठी नुसती तपासणीही करून देतो. दिवाळीसाठी हवी असेल तर दसऱ्याआधी सांगा, नंतर नवीन काम घेत नाही.