लेकॉक: एकाच मालकाचं गाव

इंग्लंडच्या विल्टशर परगण्यातलं लेकॉक अवघ्या चार गल्ल्यांचं. लाकडी चौकटींची, किंचित कललेली घरं, दगडी छपरं आणि मोकळं आकाश, कारण विजेच्या तारा जमिनीखालून नेल्या आहेत. जुन्या काळावरच्या मालिकांचं शूटिंग इथे वारंवार होतं, त्यात नवल नाही.

गाव असं टिकलं ते कुणाच्या रसिकतेमुळे कमी, मालकी न फुटल्यामुळे जास्त. १२३२ मध्ये सॉल्सबरीची काउंटेस एला हिने नवऱ्यामागे इथे जोगिणींचा मठ बांधायला घेतला. पुढे ती स्वतःच मठाधिपती झाली. गाव मठाचं, आणि पैसा लोकरीचा. आठव्या हेन्रीने मठ मोडीत काढले तेव्हा, १५३९ मध्ये, लेकॉकचाही नंबर लागला. विल्यम शॅरिंग्टनने तो विकत घेतला, चर्च पाडलं आणि उरलेल्या मठाचा राहता वाडा केला. त्याच्या पुतणीच्या लग्नातून सगळं टॅल्बट घराण्यात गेलं. लोकरीचा धंदा बसल्यावर जुनं पाडून नवं बांधायला पैसा कुणाकडे होता? गरिबीनेच गाव राखलं म्हणायचं.

फोटोग्राफीच्या जनकांपैकी एक, विल्यम हेन्री फॉक्स टॅल्बट, याच घराण्यातला. मीठ आणि सिल्व्हर नायट्रेट लावलेला कागद छोट्या लाकडी पेट्यांत, म्हणजे त्याच्या कॅमेऱ्यांत, घालून तो त्या वाड्याभर ठेवायचा. बायको कॉन्स्टन्स त्यांना उंदराचे सापळे म्हणायची! ऑगस्ट १८३५ मध्ये दक्षिण दालनातल्या जाळीदार खिडकीची प्रतिमा अशाच एका कागदावर उमटली. आकार टपाल तिकिटाएवढा, पण ती नवी असताना भिंग लावून सुमारे दोनशे काचा मोजता येत होत्या, अशी नोंद त्याने करून ठेवली. जगात टिकून राहिलेली ही सर्वांत जुनी फोटो-निगेटिव्ह. ती खिडकी आजही जागेवर आहे. लेकॉकला जाऊन फक्त घरांचे फोटो काढून परतणाऱ्यांचं मला आश्चर्य वाटतं.

१९४४ मध्ये वारसदार मटिल्डा टॅल्बट यांनी वाडा आणि जवळजवळ अख्खं गाव नॅशनल ट्रस्ट या वारसा जपणाऱ्या संस्थेला देऊन टाकलं. मठात जपलेली मॅग्ना कार्टाची, म्हणजे राजाच्या सत्तेला मर्यादा घालणाऱ्या सनदेची, १२२५ ची प्रतही त्यांनी ब्रिटिश म्युझियमला दिली. गावकरी आधी टॅल्बटांचे भाडेकरू होते, आता बरेचसे ट्रस्टचे आहेत. मठाचं धान्य साठवायचं चौदाव्या शतकातलं कोठार रस्त्यालगतच आहे. आत जाऊन मान वर करून छताच्या तुळया बघाव्यात.