पिटुनियाचं बी मातीखाली का उगवत नाही?

फुलझाडांचं बी उगवलं नाही की पहिली प्रतिक्रिया ठरलेली, "बी डुप्लिकेट निघालं." कधीकधी बी खरंच जुनं असतं, पण पिटुनिया, स्नॅपड्रॅगन, बेगोनिया, लोबेलिया असल्या बारीक बियांच्या बाबतीत बरेचदा बी चांगलंच असतं आणि आपणच ते मातीखाली दाबून टाकलेलं असतं. बीच्या जाडीच्या दुप्पट-तिप्पट खोल पेरायचं हा नियम सगळ्यांना पाठ असतो, झेंडू, झिनिया, सूर्यफूल, स्वीट पी यांना तो व्यवस्थित लागूही पडतो. पण पिटुनियाच्या एका ग्रॅममध्ये साधारण 10,000 बिया बसतात, एवढ्याशा बीवर बोटाने नुसती माती सारली तरी ती त्याच्या कितीतरी पट जाड होते. आणि प्रश्न फक्त एवढ्याशा जीवाला वर येता येईल का हा नाही. या बियांना उगवायलाच उजेड लागतो, आणि डोळे नसलेल्या बीला उजेड कळतो कसा ही वनस्पतीशास्त्रातली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट आहे, त्यामुळे तिच्यावर जरा निवांत लिहितो.

1952 साली अमेरिकेच्या कृषी खात्याच्या बेल्ट्सव्हिल इथल्या केंद्रात हॅरी बोर्थविक, स्टर्लिंग हेंड्रिक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लेट्यूसच्या भिजवलेल्या बियांवर वेगवेगळ्या रंगांचा प्रकाश टाकून बघितला. लाल प्रकाश दाखवला की बिया भराभर उगवायच्या. त्याच्या पलीकडचा, डोळ्याला जेमतेम दिसणारा फार-रेड प्रकाश दाखवला की उगवण थांबायची. इथपर्यंत ठीक आहे, पण खरी गंमत पुढे आहे. त्यांनी लाल, मग फार-रेड, मग परत लाल असे आलटून पालटून झोत दिले, आणि कितीही वेळा केलं तरी निकाल फक्त शेवटच्या झोतावर ठरत होता. शेवटी लाल असेल तर उगवणार, शेवटी फार-रेड असेल तर नाही. म्हणजे बीच्या आत असं काहीतरी होतं जे एका रंगाने चालू होत होतं आणि दुसऱ्या रंगाने बंद, आणि हे पुन्हा पुन्हा करता येत होतं. काही वर्षांनी ते द्रव्य प्रत्यक्ष सापडलं, त्याला फायटोक्रोम म्हणतात.

फायटोक्रोम हे प्रोटीन आहे आणि त्याला प्रकाश शोषणारा एक छोटा रेणू चिकटलेला असतो. 660 नॅनोमीटरच्या आसपासचा लाल प्रकाश पडला की त्या रेणूचा एक बंध फिरतो, त्यामुळे अख्ख्या प्रोटीनचा आकार बदलतो आणि ते कामाला लागतं. 730 नॅनोमीटरच्या आसपासच्या फार-रेडने ते परत मूळ आकारात येतं. कामाला लागलेलं फायटोक्रोम पेशीच्या केंद्रकात शिरतं आणि तिथे पिफ-1 नावाचं प्रोटीन नष्ट करवतं. पिफ-1 चं काम काय, तर उगवण रोखून धरणं. ते जिबरेलिन हे उगवणीला ढकलणारं हार्मोन कमी ठेवतं आणि ॲब्सिसिक आम्ल हे बीला झोपवून ठेवणारं हार्मोन वाढतं ठेवतं. पिफ-1 गेलं की पारडं फिरतं, जिबरेलिन वाढतं, बीच्या टोकाजवळच्या पेशीभित्ती सैल पडतात आणि मूळ बाहेर येतं. रोखणाऱ्यालाच बाजूला करायचं, अशी ही उलटी रचना आहे.

पण लाल आणि फार-रेडच का? कारण हिरवं पान. हरितद्रव्य लाल प्रकाश जवळजवळ सगळा खाऊन टाकतं आणि फार-रेड तसाच पलीकडे जाऊ देतं. मोकळ्या उन्हात दोन्ही साधारण सारख्याच प्रमाणात असतात, दाट पानांखाली मात्र लाल फारच कमी उरतो. म्हणजे बीला फक्त उजेड-अंधार कळत नाही, आपल्या डोक्यावर मोकळं आकाश आहे की दुसऱ्या झाडाची पानं हेही कळतं. एवढ्याशा बीत शिदोरी किती असणार, चुकीच्या जागी उगवलं तर संपलंच, म्हणून ही खबरदारी. मातीत तर प्रकाश जेमतेम काही मिलिमीटरच उतरतो. मोठ्या बियांकडे साठा असतो, त्यांना अंधारातून वर येणं परवडतं, आणि नायजेला किंवा फॅसेलियासारख्यांचं तर उलटंच, त्यांची उगवण उजेडाने अडते.

म्हणून बारीक बी ओल्या कोकोपीटवर (नारळाच्या काथ्याच्या भुशावर) नुसतं भुरभुरायचं, हलकंच दाबायचं, वरून काही टाकायचं नाही. ट्रे पारदर्शक झाकणाखाली उजेडात ठेवायचा, थेट कडक उन्हात नको. फायटोक्रोमचं हे काम भिजलेल्या बीतच चालतं, त्यामुळे पृष्ठभाग एक दिवससुद्धा सुकू द्यायचा नाही, आणि झारीने पाणी घालायचं नाही कारण बी वाहून खाली जातं, ट्रे खालून पाण्यात ठेवायचा. आठवडाभरानंतर भिंगातून बघा, पांढरा कोंब आणि त्याच्या बुडाशी कापसासारखी लव दिसते. अनेकजण बुरशी समजून घाबरतात आणि औषध मारतात, ते मूलरोम असतात, पाणी शोषणारे.

चंद्राच्या कला बघून पेरायचं खूळ मात्र सोडून द्या. पौर्णिमेचा प्रकाश उन्हाच्या साधारण चार लाखाव्या भागाएवढा असतो, आणि भरती-ओहोटीचं बळ जाणवायला समुद्राएवढा पसारा लागतो, ट्रेमधल्या पाण्यावर त्याचा परिणाम शून्य. तिथी चुकली म्हणून बी उगवलं नाही असं कुणी सांगितलं तर ते किती खोल पेरलं होतं ते विचारा.

हेच फायटोक्रोम पुढेही कामाला येतं. शेजारच्या रोपाच्या पानांवरून परावर्तित होणारा फार-रेड रोपाला कळतो, सावली पडायच्या आधीच, हे अर्जेंटिनातल्या संशोधकांनी 1990 मध्ये दाखवलं. मग रोप उंच धावायला लागतं आणि पानांच्या बगलेतले डोळे, म्हणजे फांद्यांचे कोंब, फुटत नाहीत. दाटीत वाढलेली रोपं लांबट, किडकिडीत होतात ती यामुळेही, आणि त्यावर खत घालून काहीच होत नाही, विरळणीच करावी लागते.

दिवस-रात्रीची लांबी मोजण्यातही हेच. कॉसमॉसला फुलायला लांब रात्र हवी असते, रात्रीच्या मध्ये थोडा वेळ जरी लाल प्रकाश मिळाला तरी त्याचा हिशोब बिघडतो. रात्रभर चालू राहणाऱ्या दिव्याखाली कॉसमॉस नुसता पानांनी वाढत असेल तर आधी दिव्याचा संशय घ्या.

आता बॉर्डर (बागेच्या कडेची फुलांची पट्टी) आणि कटिंग (फुलदाणीसाठी फुलं कापायचा वाफा) यातला फरक इथेच येतो. बॉर्डरला झाड पसरट, फांद्यांनी भरलेलं हवं, म्हणून झिनियाला 25 ते 30 सेंटिमीटर अंतर द्यायचं आणि तीन-चार पानांच्या जोड्या आल्या की शेंडा खुडायचा, म्हणजे बगलेतले डोळे फुटतात. फुलदाणीसाठीच्या वाफ्यात दाटी मुद्दाम करतात. एकदांडी सूर्यफूल 15 सेंटिमीटरवर लावलं की दांडा सरळ, लांब होतो आणि फूल फुलदाणीत मावेल एवढंच राहतं. त्याचा शेंडा अजिबात खुडायचा नाही, नाहीतर जे एक फूल यायचं तेच गेलं. झिनिया कापताना मात्र दांडा खालपर्यंत, पानांच्या जोडीच्या जरा वर कापा, पुढचे दांडे तिथूनच फुटतात.